घरच्या स्प्लिट एसीला तांब्याऐवजी लवचिक होज लावायचा असेल, तर आधी हे बघा

मार्च लागला की हा प्रश्न हमखास येतो. "दादा, गाडीच्या एसीला रबरी होज चालतो, मग घरच्या स्प्लिटला का नाही चालणार? तांबं महाग, वाकवताना चेपतं, घर बदललं की पुन्हा नवीन पाइप." प्रश्न रास्त आहे, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा त्या तांब्याने खरोखर गांजलेला असतो. म्हणून "चालत नाही" एवढं सांगून मी त्याला परत पाठवत नाही. का चालत नाही, कुठे थोडंफार चालतं आणि ज्या त्रासामुळे होज हवासा वाटतो त्यावर काय करायचं, हे सगळं इथे लिहितो.

दोन नळ्यांतून काय वाहतं

स्प्लिट एसीच्या आउटडोअरपासून इनडोअरपर्यंत दोन नळ्या जातात. बारीक नळी साधारणपणे पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरची. जाड नळी एक टनाच्या मशीनला बहुधा तीन-अष्टमांश इंच (९.५२ मिमी), दीड टनाला अर्धा इंच (१२.७ मिमी) आणि दोन टनाला पाच-अष्टमांश (१५.८८ मिमी). मॉडेलप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे आकार मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवायचा.

आता दाब. कूलिंग चालू असताना या दोन्ही नळ्यांत दाब त्या मानाने कमी असतो, कारण घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवणारा भाग, म्हणजे कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी) किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, बहुतेक आउटडोअरमध्येच असतो. आर-३२, आर-४१०ए, आर-२२ ही एसीत फिरणाऱ्या गॅसची नावं. आर-३२ च्या मशीनला जाड नळीवर गेज लावलं तर साधारण १२० ते १५० पीएसआय दिसतं (पीएसआय आणि बार ही दाबाची मापं, एक बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय). हे पाहून लोक म्हणतात, एवढा दाब तर कुठलाही होज सोसेल. पण मशीन बंद झालं की दोन्ही बाजू समान होतात आणि दाब तापमानावर ठरतो. सगळं यंत्र ४० अंशांवर आलं तर आर-३२ चा दाब सुमारे ३४५ पीएसआय होतो, आर-४१०ए चा जवळपास तेवढाच. जुन्या आर-२२ ला त्याच तापमानाला २०८ च्या आसपास. विदर्भात मे महिन्यात घर कुलूप लावून गावाला गेलात तर नळीवर दिवसभर हा दाब बसलेला असतो. मशीन हॉट-अँड-कोल्ड असेल तर गोष्ट आणखी पुढची: हीटिंगला लावल्यावर जाड नळीतून कॉम्प्रेसरचा तापलेला गॅस पूर्ण दाबाने येतो आणि नळीला हात लावता येत नाही.

गाडीत चालतो, त्याचं कारण

गाडीत कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) इंजिनाला बांधलेला असतो आणि कंडेन्सर (तापलेला गॅस गार करणारी जाळी) बॉडीला. इंजिन आपल्या माउंटिंगवर सतत हलतं. मधे सरळ धातूची नळी टाकली तर ती थोड्याच दिवसांत तुटेल, म्हणून तिथे होज घालावाच लागतो. त्याची किंमतही मोजावी लागते. होजच्या आत नायलॉनसारख्या पदार्थाचा गॅस अडवणारा थर असला तरी थोडा गॅस भिंतीतून पाझरत राहतो. शिवाय गाडीच्या कॉम्प्रेसरच्या शाफ्टला सील असतं, तेही थोडं सोडतं. काही वर्षांनी गाडीचा गॅस कमी झाला तर कुणाला फारसं नवल वाटत नाही.

घरच्या एसीचा हिशोब वेगळा. कॉम्प्रेसर सीलबंद, नळ्या धातूच्या. कंपनीतून भरून आलेला गॅस यंत्राच्या आयुष्यभर पुरावा अशी रचना. "दरवर्षी गॅस भरावा लागतो" ही समजूत आपल्याकडे रुजली आहे, पण दरवर्षी गॅस लागतो याचा अर्थ कुठेतरी लीक आहे.

गाडीच्या होजचा विचार आर-१३४ए हा गाडीतला गॅस धरून झालेला असतो. ५० अंशांना त्याचा दाब सुमारे १३ बार, तर आर-३२ चा ३१ बारच्या वर, म्हणजे दुपटीहून अधिक. दाब वाढला की पाझरही वाढतो.

ओलाव्याचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण तो दिसत नाही. रबराच्या भिंतीतून गॅस जसा बाहेर जातो तशी हवेतली वाफ आत येते. आत प्रचंड दाब असला तरी येते, कारण आतला भाग कोरडा आहे आणि बाहेरची हवा दमट. प्रत्येक वायू आपापल्या दाबाचा फरक बघून सरकतो. आर-३२ आणि आर-४१०ए च्या कॉम्प्रेसरमधलं पीओई नावाचं कृत्रिम तेल पाणी शोषतं, पाण्याने ते फुटतं आणि त्यातून आम्ल तयार होतं. ते आम्ल मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात चार महिने हवा कशी असते हे वेगळं सांगायला नको.

शिकाऊ असताना मी स्वतः एका दुकानाच्या आर-४१०ए मशीनला गाडीच्या दुकानातून टोकं दाबून पक्की (क्रिम्प) करून आणलेला होज लावला होता. पहिल्या दिवशी उत्तम गारवा आला. त्या उन्हाळ्यात दोनदा गॅस भरला आणि पुढच्या वर्षी कॉम्प्रेसर गेला. तेल बाहेर काढलं तेव्हा ते काळं झालं होतं आणि त्याला झोंबणारा आंबट वास होता. मालकाचं मोठं नुकसान झालं. तेव्हापासून होज लावायचा सल्ला मी कुणालाही दिलेला नाही.

आणि आग. आर-३२ सहज पेट घेत नाही, पण ज्वलनशील वर्गातच मोडतो. काही घरगुती एसींमध्ये आर-२९० असतो, म्हणजे चक्क प्रोपेन. दोन्ही हवेपेक्षा जड, गळले की जमिनीलगत साचतात. पलंगामागे किंवा फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेला, हाताने क्लिप आवळून बसवलेला होज या गॅससाठी लावूच नये. गॅसच्या शेगडीची नळी, वॉशिंग मशीनचा पाइप, हायड्रॉलिक होज, यांचा तर विचारही नको. मेकॅनिकच्या मॅनिफोल्डच्या (गॅस तपासायच्या-भरायच्या गेजच्या) नळ्यांवर ८०० पीएसआय छापलेलं असतं, ते वाचून काही जण त्याच कायमच्या जोडतात. त्या तासाभराच्या कामासाठी बनवलेल्या आहेत. त्यांचे रबरी वॉशर वर्षानुवर्षं गॅस धरत नाहीत आणि छिद्र इतकं बारीक असतं की सक्शन लाइन (कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणारी जाड नळी) म्हणून लावल्या तर कॉम्प्रेसर उपाशी राहतो.

होज का हवासा वाटतो?

इथे थोडं थांबा आणि आपलं कारण ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो.

भाड्याचं घर, दर दोन वर्षांनी शिफ्टिंग: यासाठी सगळ्यात साधं उत्तर विंडो एसी. त्याच्या सगळ्या नळ्या कारखान्यातच ब्रेझ केलेल्या, म्हणजे धातू वितळवून कायमच्या जोडलेल्या असतात. उचलायचा, खिडकीत बसवायचा. स्प्लिटच हवा असेल तर पाइप कापताना आउटडोअरजवळ दीड-दोन फूट जादा ठेवा. प्रत्येक शिफ्टिंगला फ्लेअरची (नट धरावा म्हणून फुलवलेल्या तोंडाची) जुनी टोकं कापून नवी करायची असतात, दर वेळी दोन-तीन इंच जातात. जादा पाइप असेल तर तोच कॉपर तीन घरं सहज चालतो.

आउटडोअरच्या थरथरीने नळी तुटते: बहुतेक वेळा दोष बसवण्यात असतो. नळी सर्व्हिस व्हॉल्व्हपासून (आउटडोअरवरच्या, नळ्या जोडायच्या व्हॉल्व्हपासून) भिंतीपर्यंत ताठ ओढलेली असते किंवा स्टँडखालचे रबर गळून पडलेले असतात. आधी ते रबर बदला. मग आउटडोअरमागे पाइपचा एक मोठा सैल वेटोळा द्या, आणि तो आडवाच ठेवा. उभा ठेवला तर तळाशी तेल साचतं, कॉम्प्रेसरकडे परत जात नाही. हा वेटोळाच थरथर गिळतो. मऊ तांबं हीच मुळात लवचिक नळी आहे, हे बरेच जण विसरतात.

वाकवताना चेपतो: हा हत्याराचा प्रश्न आहे, त्याकडे पुढे येतो.

हाताने करायचं आहे, मेकॅनिक नको: काही देशांत गॅस भरलेल्या, दोन्ही टोकांना झटपट जोड असलेल्या नळ्यांचे संच मिळतात, पण त्यातही नळी बहुधा तांब्याचीच असते. लवचिक नळी जिथे खरोखर कारखान्यातून येते ती यंत्रं म्हणजे पोर्टेबल स्प्लिट आणि ट्रकच्या केबिनचे एसी. तिथे नळी, जोड, तेल आणि गॅस एकमेकांना धरून ठरवलेले असतात. तो होज कापून लांब करू नका.

आणि खरोखर लांब, वळणावळणाची लवचिक नळी हवी असेल तर तिच्यातून गॅसऐवजी पाणी न्या. बाहेर पाणी गार करणारं यंत्र (चिलर), आत त्या पाण्यावरून हवा फिरवणारा पंखा (फॅन कॉइल), मधे थंड पाणी. पाण्याचा दाब दोन-तीन बार, गळलं तर फरशी ओली होईल एवढंच. मोठ्या इमारतींमध्ये ही पद्धत जुनी आहे. एका खोलीसाठी परवडत नाही, पण बंगल्याचं नवं बांधकाम काढलं असेल तर विचारून बघण्यासारखी आहे.

जिथे धातूचा लवचिक तुकडा चालतो

एकच जागा मी मान्य करतो: आउटडोअरजवळचा, फूट-दीड फुटाचा, वर जाळी विणलेला स्टेनलेस स्टीलचा खाचेदार होज. कोल्ड स्टोरेजच्या मोठ्या कॉम्प्रेसरना हे वर्षानुवर्षं लावले जातात. वेटोळ्याला जागाच नसेल, इमारतीच्या डक्टमध्ये (पाइपांसाठी सोडलेल्या अरुंद मोकळ्या जागेत) आउटडोअर अगदी भिंतीला चिकटून असेल, तर हा पर्याय आहे.

घेताना त्यावर रेफ्रिजरंटसाठी असल्याचं आणि कामाचा दाब लिहिलेला हवा. आर-३२, आर-४१०ए साठी निदान ४५ बार बघा. गीझरचा कनेक्शन पाइप दिसायला अगदी तसाच असतो, फसू नका. समुद्राजवळ राहत असाल तर ३१६ ग्रेड मागा, ३०४ ला खाऱ्या हवेत बारीक खड्डे पडतात.

बसवताना पिळ पडू देऊ नका. होजवर आधी खडूने सरळ रेघ ओढा. नट आवळल्यावर रेघ सरळच राहिली पाहिजे. दोन पाने वापरा, एक धरायला आणि एक फिरवायला. तुकडा ताणलेला नको, दाबून बसवलेलाही नको, आणि वाक असेल तर एकाच पातळीत. थरथर त्याच्या लांबीला आडवी यायला हवी. लांबीच्या दिशेने ढकल-ओढ झाली तर जाळी लवकर थकते. त्याच्या पलीकडचा कॉपर लगेच भिंतीला क्लॅम्प करा, नाहीतर थरथर पुढे सरकून तिथे तोडेल. जाळीवर इन्सुलेशन पक्कं चढवा, कारण थंड नळीवरचं दव जाळीत शिरून आत गंजवत राहतं. लांबी वाढवू नका: खाचांमुळे दाब जास्त पडतो, गारवा कमी होतो आणि कधी कधी शिटीसारखा आवाजही येतो. आणि कंपनीची वॉरंटी चालू असेल तर लावण्याआधी त्यांना विचारा.

तांबं नीट बसवायचं, पायरीपायरीने

हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्या. पण शेजारी उभं राहून काय बघायचं हे माहीत असेल तर काम चांगलं होतं.

पहिली गोष्ट पाइपची जाडी. अर्ध्या इंचापर्यंत ०.८ मिलिमीटर भिंत हवी, दुकानात त्याला २१ गेज म्हणतात. पाच-अष्टमांशला १ मिमी. स्वस्त पाइप यापेक्षा पातळ असतो आणि चेपण्याच्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात. दोन्ही टोकांना टोपी असलेलाच घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेला पाइप कापलेल्या टोकाला पांढरा दिसतो. किनारपट्टीला तर तो अजिबात नको. लांबी निदान ३ मीटर ठेवा, बहुतेक कंपन्या त्याहून कमी ठेवू नका म्हणतात.

वाकवण्यासाठी स्प्रिंग किंवा लिव्हर बेंडर. वळण मोठं, त्रिज्या १० सेंटिमीटरच्या आसपास. गुडघ्यावर टेकवून वाकवलेला पाइप चेपतोच. एकाच जागी तीनपेक्षा जास्त वेळा वाकवू-सरळ करू नका, तांबं तिथे कडक होतं आणि पुढे चिरतं. चेपलेला पाइप ठोकून गोल करता येत नाही, तेवढा भाग कापून टाका.

कापायला ट्यूब कटर, हॅकसॉ कधीच नाही; करवतीचा भुसा आत जातो आणि कॅपिलरीत अडकतो. कापल्यावर आतली धार रीमरने काढा, आणि काढताना टोक खाली धरा म्हणजे कीस बाहेर पडेल. मग फ्लेअर नट आधी नळीत घाला. हे विसरून फ्लेअर करणारे मी खूप पाहिलेत. फ्लेअरचा बाहेरचा व्यास पाव इंचाला साधारण ९ मिमी, तीन-अष्टमांशला १३, अर्ध्याला १६.५. तोंड आरशासारखं गुळगुळीत हवं. एकही ओरखडा, चीर किंवा तिरकेपणा दिसला तर कापून पुन्हा करा. फ्लेअरच्या पाठीमागे कॉम्प्रेसर तेलाचा एक थेंब पुरे. नट हाताने चार-पाच आटे सहज गेला पाहिजे, तरच पाना लावायचा.

आवळण्याचा जोर टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने): पाव इंचाला सुमारे १६ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांशला ३६, अर्ध्याला ५५, पाच-अष्टमांशला ७० च्या आसपास. ताकद लावून जास्त आवळलेला फ्लेअर पहिल्या दिवशी धरतो आणि सहा महिन्यांनी चिरतो. जोड भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये गाडू नका. तिथे सांधा टाळता येत नसेल तर ब्रेझ करा आणि ब्रेझिंग चालू असताना आतून नायट्रोजनची मंद धार सोडा, नाहीतर नळीत काळी काजळी धरते.

मग नायट्रोजन टेस्ट, म्हणजे नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरून लीक शोधायचा. बरेच जण ही गाळतात, तुम्ही आग्रह धरा. सिलिंडरला रेग्युलेटर असलाच पाहिजे, कारण आत १५० बार असतात. आउटडोअरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून आधी ५ बार, मग १५, मग ४० पर्यंत किंवा आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत, यातलं जे कमी असेल तिथवर. प्रत्येक नटावर साबणाचा फेस लावून बघा. शक्य असेल तर रात्रभर ठेवा. तापमान एक अंशाने बदललं की गेज सुमारे ०.१३ बार हलतं, तेवढा फरक पकडून हिशोब करा. ऑक्सिजन कधीही वापरू नका. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो, असे अपघात झालेले आहेत. टायरच्या दुकानाची हवाही नको.

टेस्ट झाली की नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पंप, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढायचा. आउटडोअरमधलाच थोडा गॅस सोडून नळीतली हवा हाकलायची जुनी सवय अजून दिसते. त्याने ओलावा आतच राहतो, मोजून भरलेला गॅस कमी होतो आणि आर-३२ असेल तर ज्वलनशील गॅस मोकळा सुटतो. पंप निदान २०-३० मिनिटं, पावसाळ्यात जास्त, आणि मायक्रॉन गेजवर (अगदी कमी दाब मोजणाऱ्या गेजवर) ५०० च्या खाली. दाब एवढा खाली गेला की आतलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून बाहेर पडतं. साधं काट्याचं गेज हे सांगू शकत नाही. पंप बंद करून दहा मिनिटं बघा: आकडा थोडा चढून थांबला तर ओलावा शिल्लक आहे, पंप पुन्हा लावा, चढतच राहिला तर लीक आहे.

आता ॲलन कीने आधी बारीक आणि मग जाड व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, टोप्या घट्ट लावा. त्या टोप्याही गॅस धरतात. पाइप कंपनीने धरलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर जादा गॅस वजनकाट्यावर मोजून भरा. मीटरमागे किती ग्रॅम ते मॅन्युअलमध्ये असतं, पाव इंची नळीला साधारण १५ ते २० ग्रॅम. इन्सुलेशन दोन्ही नळ्यांना वेगवेगळं चढवा, कारण बारीक नळीसुद्धा थंड असते. एकत्र गुंडाळल्या तर भिंतीवर पाणी टपकतं. बाहेरच्या भागावर उन्हाला टिकणारी टेप.

घर बदलताना पंप डाउन होतो, म्हणजे कूलिंग चालू ठेवून बारीक व्हॉल्व्ह बंद करायचा आणि सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायचा. जाड नळीवर गेज लावून काटा शून्याजवळ आला की जाड व्हॉल्व्ह बंद आणि लगेच मशीन बंद. इथे रेंगाळू नका. नट सैल असेल किंवा मधे गळका होज असेल तर कॉम्प्रेसर बाहेरची हवा आत ओढतो. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून आधीच लीक असलेल्या मशीनचा पंप डाउन करायचा नाही, रिकव्हरी मशीनने गॅस काढून घ्यायचा.

बसवल्यानंतर आठवड्याभराने दोन्ही टोकांच्या नटांवर पुन्हा एकदा साबणाचा फेस फिरवा. पाइपची लांबी, भरलेला जादा गॅस किती ग्रॅम आणि तारीख आउटडोअरच्या आतल्या झाकणावर पक्क्या मार्करने लिहून ठेवा, म्हणजे पुढचा मेकॅनिक अंदाजाने गॅस भरणार नाही.